हवेची नाव

१८२१ सालच्या सप्टेंबर महिन्याची २६ तारीख होती. कॅनडाच्या उत्तर टोकाकडील ओसाड मुलुखातून चालत आलेले वीस माणसांचे एक पथक कॉपरमाइन नदीच्या काठी येऊन थांबले. इंग्लंडच्या आरमारातील अधिकारी जॉन फ्रँकलिन हा त्या पथकाचा प्रमुख होता. समुद्रकिनाऱ्याची पाहणी आटोपून ही मंडळी परत निघाली होती. जवळचे अन्न केव्हाच संपले होते. आपल्याकडे मसाल्यात जे दगडफूल घालतात, त्याच्यासारखेच खडकावरचे दगडफूल खरवडून खावे, जुन्या पादत्राणांचे कातडे चघळावे, अशी त्यांची दैना झाली होती. नदी फार रुंद नव्हती. तिचे पात्र सुमारे १२० मीटर भरले असते. परंतु पाणी बर्फासारखे गार, ओढ जबरदस्त, आणि जवळ नाव नाही! नावा होत्या त्या खांद्यावरून वाहून आणताना वाटेतच मोडल्या होत्या.

त्यांनी विलोच्या फांद्यांचा तराफा बांधला. फांद्या ओल्या असल्यामुळे तो पुरता तरंगेना. मग रिचर्डसन नावाचा डॉक्टर कमरेला दोरी बांधून पाण्यात उतरला. थोडे अंतर जातो न जातो तोच त्याचे हात बधिर झाले. तो पाठीवर पोहू लागला. पैलतीर जवळ आला असताना पायही निकामी झाले आणि तो बुडाला. सोबत्यांनी दोरीने ओढून त्याला अर्धमेल्या स्थितीत बाहेर काढले. अखेर सेंट जर्मेन नावाच्या दुभाष्याने फांद्यांचा सांगाडा करून त्यावर बिछाने गुंडाळण्याचे रंग दिलेले जाड कापड ताणले आणि एक लहानशी नाव सिद्ध केली. तीत एका वेळी एकच माणूस मावत असे. ४ ऑक्टोबर रोजी ती दोरीने पुन्हा पुन्हा अलीकडे ओढून एकेक जण पलीकडे गेला. आठ दिवस त्या काठावर गेले होते. वीस जणांपैकी अकरा जण या प्रवासातून परतले नाहीत. साऱ्यांच्या मृत्यूचे खापर एका नदीवर फोडणे बरोबर होणार नाही. तथापि उपासमारीच्या दिवसांत वाया गेलेले ते आठ दिवस त्यांना फार महाग पडले, यात शंका नाही.

खांद्यावर भार होणार नाही आणि नदी आडवी आली की लगेच उपयोगी पडेल, अशी नाव करता येईल काय? या प्रश्नाचा विचार करणारा एक तरुण पुढे इंग्लंडच्या आरमारात निघाला. त्याचे नाव पीटर हॉल्केट. त्याने १८४४ च्या सुमारास जी नाव तयार केली, ती पाहून लोकांना प्रथम हसूच आले असेल. कारण ती अंगावर घालायचा डगला होती! डगला जमिनीवर पसरावा, खिशातून लहानसा भाता काढावा आणि हवा भरावी. तीनचार मिनिटांत त्याची लंबगोल नाव होई. हातातल्या काठीला पाते जोडले की वल्हे झाले आणि छत्री उघडली की शीड झाले. नावेचे हवाबंद कप्पे निरनिराळे ठेवलेले होते, म्हणजे एक फाटला तरी बाकीचे तिला तारून नेत. आरमाराने या युक्तीची तोंडभर स्तुती केली, शोधमोहिमांना ती उपयोगी पडेल असेही म्हटले. पण आपल्या नेहमीच्या कामासाठी तिचा स्वीकार केला नाही. जॉन रे या स्कॉटिश डॉक्टराने मात्र १८४६ साली उत्तर ध्रुवाकडील मोहिमेवर हॉल्केटची नाव नेली आणि तिचा मनापासून गौरव केला. रे याची तशी नाव स्कॉटलंडच्या उत्तरेकडील ऑर्कनी बेटांवर, स्ट्रॉमनेस येथील संग्रहालयात जपून ठेवलेली आहे.

हा डगला ज्या कापडाचा होता, ते कापड चार्ल्स मॅकिन्टॉश याने १८२३ साली शोधून काढले. दगडी कोळशापासून मिळणाऱ्या नॅफ्था नावाच्या द्रवात रबर विरघळवून तो चिकट लेप दोन कापडांच्या मध्ये द्यावयाचा, अशी त्याची कृती होती. त्यातून पाणी जात नसे, हवाही जात नसे. परंतु हे कापड थंडीत ताठर होई आणि उन्हात चिकट. पुढे गंधक घालून रबर तापवण्याची रीत निघाली, तेव्हा हा दोष गेला. मात्र अशा पक्क्या केलेल्या रबरात एक अडचण असते. ते तापवले तरी वितळत नाही. फार तापवले तर जळते. सायकलचे पंक्चर काढणारा माणूस ट्यूब घासतो, तिला सोल्युशन लावतो, ते सुकू देतो आणि मग ठिगळ दाबून बसवतो, हे सर्वांनी पाहिले असेल. रबराला रबर नुसत्या उष्णतेने जोडता आले असते, तर त्याला इतका खटाटोप करावा लागला नसता.

आजच्या हवेच्या नावा पुष्कळदा निराळ्याच कापडाच्या करतात. नायलॉनच्या पातळ पण चिवट कापडाला पॉलियुरेथेन नावाच्या एका प्लॅस्टिकचा लेप दिलेला असतो. हा लेप मेणाच्या स्वभावाचा आहे: तापवला की मऊ होतो, निवला की पुन्हा घट्ट होतो. उत्तम नायलॉन सुमारे २६० अंश सेल्सिअसला वितळते. लेप त्याच्या पुष्कळ आधी वितळतो. म्हणून लेपाच्या बाजू समोरासमोर ठेवून वरून योग्य तापलेली इस्त्री फिरवली, तर कापड शाबूत राहते आणि आतले दोन लेप वितळून एकजीव होतात. सुई नको, दोरा नको. खरे म्हणजे सुई येथे शत्रूच आहे. तिच्या प्रत्येक टोच्याबरोबर हवेला वाट मिळते.

या सोयीमुळे हौशी लोक अशी नाव आपल्या घरी, जेवणाच्या मेजावर तयार करू लागले आहेत. घडी केली की ती पाठीवरच्या पिशवीत मावते. तथापि काम दिसते तितके सोपे नाही. नावेची कड म्हणजे हवेने फुगलेली एक जाड नळी. उशीचा सरळ अभ्रा वाकवला, तर त्याच्या आतल्या अंगाला चुण्या पडतात. नावेच्या नळीचेही तसेच आहे. वळणावर बाहेरची बाजू लांब आणि आतली आखूड असावी लागते. म्हणून नळी अनेक तुकड्यांची करतात आणि प्रत्येक तुकड्याची कड गणिताने आखलेल्या वक्ररेषेवर कापतात. जाणता कारागीर आधी कागदाची वीतभर लांबीची नाव करून पाहतो. कागद वाया गेला तर दुःख नाही. कापड महाग असते.

मग येतो जोड. या नावेचे सारे बळ जोडात आहे, आणि जोड कसा घ्यावा हे टपालाच्या तिकिटाकडून शिकावे. पाकिटावर चिकटवलेले तिकीट बोटाने सरळ सरकवून पाहा. ते जागचे हलणार नाही. तेच एका कोपऱ्याला नख घालून उचला; सहज सोलून निघेल. कापडाच्या दोन कडा समोरासमोर धरून माशाच्या परासारख्या बाहेर काढून चिकटवल्या, तर आतली हवा त्यांना सोलू पाहते आणि जोड उकलतो. याउलट दोन कडा एकमेकींना भिडवून आतून त्यांवर त्याच कापडाची रुंद पट्टी बसवली, लेपाला लेप लावून, तर हवेचा ताण पट्टीला सरकवू पाहतो, सोलू शकत नाही. असा जोड कितीतरी पट टिकतो.

इस्त्री किती तापवावी, हे पुस्तकात वाचून कळत नाही. कापडाच्या दोन चिंध्या जोडाव्यात, पूर्ण निवू द्याव्यात आणि जोर लावून सोलून पाहाव्यात. जोडलेले लेप एकमेकांपासून सुटले, तर उष्णता कमी पडली. कापडावरून लेपच उपटून आला, तर जोड कापडाहून बळकट झाला; तोच खरा. कापड आकसले वा लेपाला फोड आले, तर इस्त्री जास्त तापली. इस्त्री उचलल्यावर लगेच जोड हलवू नये. तो निवेपर्यंत गुळगुळीत लाकडाने दाबून धरावा. घाई करणाऱ्यांच्या नावा बहुधा याच ठिकाणी बिघडतात. हे काम उघड्या खिडकीजवळ आणि घरातील मोठ्या माणसासमवेत करावयाचे, हे निराळे सांगावयास नको.

तयार नाव फुगवण्यास आज भाताही लागत नाही. पातळ कापडाची एक मोठी पिशवी वाऱ्यात धरून हवेने भरून घ्यावी, तिचे तोंड मुठीत आवळावे आणि पिशवी गुंडाळत ती हवा नळीत ढकलावी. असे दहापंधरा वेळा केले की नाव फुगते. उरलेली हवा तोंडाने भरतात.

आता परीक्षा. नाव फुगवून रात्रभर ठेवली आणि सकाळी ती सैल दिसली, तर नवशिका लगेच जोडांना दोष देतो. परंतु रात्रीच्या गारव्याने आतली हवाच आकसलेली असते. नाव थंड पाण्यात उतरवली तरी असेच होते. म्हणून पाण्यात टाकल्यावर थोड्या वेळाने आणखी हवा भरावी लागते. तीच नाव दुपारच्या उन्हात वाळूवर ओढून ठेवली, तर हवा फुगून जोडांवर ताण येतो, तेव्हा थोडी हवा सोडावी. ऊन चढल्यावरही नाव सैलच राहिली, तर मात्र छिद्र शोधले पाहिजे. साबणाच्या पाण्याचा फेस जोडांवरून फिरवावा. जेथे बुडबुडा फुगत जाईल तेथे छिद्र आहे. फार बारीक छिद्र असेल तर ओला केलेला गाल जवळ न्यावा. गालाला जो गारवा जाणवतो, तो बोटांना जाणवत नाही.

दुरुस्तीच्या बाबतीत हे कापड रबराहून सरस ठरते. सदोष जोडावर पुन्हा इस्त्री धरली की लेप मऊ होतो. जोड उकलता येतो, त्यातून आत हात घालून ठिगळ लावता येते आणि तोच जोड पुन्हा मिटवता येतो. ठिगळ छिद्राहून सर्व बाजूंनी दोनतीन सेंटिमीटर मोठे घ्यावे आणि गोल कापावे. चौकोनी ठिगळाचे कोपरे प्रथम सुटतात. तिकिटाच्या कोपऱ्याची गोष्ट येथेही लागू पडते.

नदीवर इस्त्री कोठून असणार? तेथे चिकटपट्टी लागते, आणि ओल्या कापडावर ती धरत नाही. घरी केलेल्या नावांत पुष्कळदा हवेचा एकच कप्पा असतो. हॉल्केटच्या नावेसारखे दुसरे कप्पे आधाराला नसतात. म्हणून अशा नावेत बसणारा अंगात तरंगते जाकीट घातल्यावाचून काठ सोडत नाही. खडकाची धार लागून नाव फुसफुसू लागली, तर तो तत्काळ काठ गाठतो, नाव उपडी करून उन्हात टाकतो, फाटलेली जागा कोरड्या कापडाने पुसतो, पट्टीचे वेटोळे सदऱ्याच्या आत छातीशी धरून ऊबदार करतो, पट्टी बसवल्यावर तिच्यावर तळहात दाबून धरतो आणि मगच पुन्हा हवेची पिशवी हातात घेतो.