पाचव्या महिन्याची सोनोग्राफी कशासाठी?

ताईंनो, मागच्या बैठकीत एका वहिनींनी विचारलं, "तिसऱ्या महिन्यात सोनोग्राफी झाली, बाळ ठीक आहे म्हणाले. मग सुपारी सोलायचं काम टाकून परत श्रीवर्धनला कशाला जायचं?" प्रश्न रास्त आहे. गाडीभाडं आणि बुडालेली मजुरी आपल्याच पदरची जाते.

पण तिसऱ्या महिन्यात बाळ जेमतेम बोटाएवढं असतं. पाठीचा कणा नीट बघता येतो तो 18 ते 20 आठवड्यांत. आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजायचे. या तपासणीला 'अॅनोमली स्कॅन' म्हणतात. चिठ्ठीवर तेच लिहिलंय ना, बघून घ्या.

कधी कण्याला मागून फट राहते, त्याला स्पायना बायफिडा म्हणतात. नसा उघड्या राहिल्या तर पायांतली ताकद आणि लघवी-शौचावरचा ताबा जाऊ शकतो. नवल म्हणजे याची खूण बऱ्याचदा डोक्यात सापडते, कवटी लिंबाच्या आकाराची दिसते. फार क्वचित एखादा मणका अर्धाच तयार होतो. बाकी सगळं ठीक असेल तर अशी बहुतेक बाळं चांगली वाढतात, फक्त पाठ वाकतेय का यावर लक्ष ठेवावं लागतं. म्हणून "मणक्यात दोष" एवढंच ऐकून रडत घरी येऊ नका. मोठ्या हॉस्पिटलात पुन्हा तपासून घ्या. सोनोग्राफीत सगळंच दिसतं असंही नाही.

वेळ का पाळायची? 2008 साली मुंबईच्या निकेता मेहता यांच्या बाळाच्या हृदयात दोष निघाला, तोवर तेव्हाची 20 आठवड्यांची मुदत संपली होती. उच्च न्यायालयाने गर्भपाताची परवानगी नाकारली. 2021 मध्ये कायदा बदलला. आता गंभीर व्यंग असेल तर 24 आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांचं मत लागतं, त्यापुढे वैद्यकीय मंडळाची मान्यता. बाळ ठेवायचं की नाही हे त्या बाईने ठरवायचं, सासूबाईंनी नाही आणि मीही नाही. पण विचार करायला दिवस हातात हवेत ना!

आणखी एक. कण्याची ही फट पाळी चुकल्यावर साधारण दोन आठवड्यांतच मिटायची असते, म्हणजे कित्येकींना दिवस गेल्याचं कळायच्या आत. म्हणून फॉलिक अॅसिडची गोळी मूल हवं असं ठरवल्यापासूनच सुरू करायची. आधीच्या बाळाला असा त्रास झाला असेल तर डोस जास्त लागतो, तो डॉक्टरांनाच विचारा.

दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची मोफत तपासणी असते. ज्यांना चौथा लागलाय त्यांनी पुढच्या बैठकीला कार्ड घेऊन या, आठवडे मिळून मोजू. भाड्याची अडचण असेल तर गटातून अंतर्गत कर्ज मागा, लाजू नका.