थंडीत खुराडे किती झाकावे?

प्रश्न : घरी दहा गावरान कोंबड्या आहेत. रात्री खुराडे प्लॅस्टिकने पूर्ण झाकून आत शेगडी ठेवते. तरी सकाळी कोंबड्या घरघरतात. काय करू?
— एक वाचक, शिंदखेडा

उत्तर : ताई, शेगडी आजच बाहेर काढा. धूर दिसला नाही तरी बंद जागेत निखाऱ्यांचा वायू जीव घेतो. कोंबडीच्या अंगाची ऊब ४१ अंशांच्या आसपास असते. पिसे कोरडी असली, तर खानदेशातली ७-८ अंशांची रात्र मोठी कोंबडी सहज काढते. तिला बाधते ती कोंडलेली ओल आणि विष्ठेतून उठणारा अमोनिया. वाऱ्याच्या बाजूला गोणपाट लावा, पण छताजवळ वीतभर जागा उघडी ठेवा. खाली भुशाची किंवा भुईमुगाच्या टरफलांची कोरडी गादी हवी. महिन्याच्या आतल्या पिलांना मात्र बल्बची ऊब लागतेच. घरघरणाऱ्या कोंबड्या वेगळ्या ठेवून पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा.