चहा सांडला, ते खरं सांग

मने, तो हेअर ड्रायर आधी खाली ठेव. गरम वाऱ्याने चहा वाळण्याऐवजी आणखी आत ढकलला जातो, आणि कीबोर्डाच्या कळा वाकतात त्या वेगळ्याच. तांदळाचा डबाही स्वयंपाकघरात परत जाऊ दे, त्याने पंख्यात कण अडकण्यापलीकडे काही होत नाही. चार्जर ओढून काढलास आणि पॉवरचं बटण दाबून धरून लॅपटॉप बंद केलास, ते मात्र छान केलंस. आता तो उघडून, कीबोर्ड खाली येईल असा, पंच्यावर तंबूसारखा उभा कर. आणि ‘बघू तरी, चालू होतो का’ हा मोह आवर. निम्मे लॅपटॉप सांडलेल्या चहापेक्षा या बघण्यानेच जातात, असं माझं स्पष्ट मत आहे.

बंद केला म्हणजे आत वीज उरली नाही, असं नसतं. हल्ली बॅटरी आतच बसवलेली असते, बोर्डाला जोडलेली. ओल आणि वीज एकत्र आली की तांब्याच्या बारीक रेषा गंजायला लागतात, आणि त्याला फार वेळ लागत नाही. म्हणून दोन दिवस गच्चीवर वाळवत बसण्यापेक्षा आजच कुणाकडून तरी मागचं झाकण उघडून बॅटरी सोडवून घे. साधं पाणी असतं तर जरा कमी घाबरले असते. नर्मदेचं असलं तरी सर्किटला त्याचं पुण्य लागत नाही, पण निदान ते चिकटत तरी नाही. तुझ्या चहात दूध आणि साखर आहे. ती वाळली की बोर्ड काढून आयसोप्रोपिल अल्कोहोलने घासावाच लागतो. नुसतं ‘सुखा दिया, अब चलेगा’ म्हणणाऱ्याकडे ठेवू नकोस.

झाकण उघडण्याआधी बिल शोध. साधी वॉरंटी सांडलवंडीला लागू होत नाही. पण घेताना बाबांनी वर पैसे भरून ‘अ‍ॅक्सिडेंटल डॅमेज’चं संरक्षण घेतलं असेल, तर कंपनीच्याच सर्व्हिस सेंटरला फोन कर आणि बाहेर स्क्रूसुद्धा काढू देऊ नकोस. ते नसेल तर आपल्या शहरातल्या आर. एन. टी. मार्गावरचा सिल्व्हर मॉल आहेच. स्नेहलतागंजातून रिक्षाने असा कितीसा वेळ लागतो! तिथे संगणकवाले एकाला लागून एक आहेत, दोन-तीन ठिकाणी विचारून मग ठरव. जेल रोडला मोबाइलचाच बाजार जास्त.

दुकानात गेलीस की ‘आपोआप बंद पडला’ म्हणू नकोस. बऱ्याच लॅपटॉपच्या आत पांढरे छोटे स्टिकर असतात, ओल लागली की लाल होतात. झाकण उघडताच दुरुस्तीवाल्याला कळणारच. खोटं बोललीस तर बिचारा पॉवर लावून दोष शोधत बसेल आणि उरलंसुरलं जाळेल. सरळ सांग, दुधाचा चहा, एवढ्या वाजता, कीबोर्डाच्या उजव्या बाजूला.

आता खरं हितगुज. तुझ्यासाठी लॅपटॉपपेक्षा त्याच्या आतलं महाग आहे. प्रोजेक्ट, फोटो, चॅट, सगळं. त्यामुळे झाकण उघडताच तुझ्यासमोर एसएसडी काढून घे आणि पर्समध्ये टाक. बोर्ड तपासायला त्याला ती लागत नाही. पासवर्ड मागितला तरी देऊ नकोस. तो त्याच्या पेनड्राइव्हवरून मशीन चालवून बघू शकतो. यात संशय घेण्यासारखं काही नाही गं, सवय असावी. कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठातल्या संशोधकांनी मुद्दाम लॅपटॉप दुरुस्तीला देऊन पाहिलं, तेव्हा काही ठिकाणी खासगी फाइली उघडलेल्या निघाल्या, काही ठिकाणी कॉपीही केलेल्या. ती एसएसडी एका छोट्या केसमध्ये घालून मैत्रिणीच्या लॅपटॉपला लावता येते. बिटलॉकर चालू असेल तर 48 आकडी रिकव्हरी की विचारेल, ती बहुधा तुझ्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. मोबाइलवरून आत्ताच बघून ठेव. काही पातळ लॅपटॉपमध्ये मात्र स्टोरेज बोर्डालाच सोल्डर केलेलं असतं. तसं निघालं तर बोर्ड वाचवणं हेच काम, आणि तिथे पैशाची काटकसर नको.

जॉबशीट घेतल्याशिवाय मशीन सोडू नकोस. त्यावर सीरियल नंबर, स्क्रीन-बिजागरीची आत्ताची अवस्था, आणि ‘अंदाज सांगून होकार घेतल्यावरच काम’ हे लिहून घे. बदललेला पार्ट परत माग. कीबोर्ड बदलायचा असेल तर बदल, पण बोर्ड बदलायचा खर्च तसल्याच नव्या लॅपटॉपच्या निम्म्याच्या वर गेला, तर मी तरी हात आखडते. पक्कं बिल घे. पुढे फसवणूक झालीच तर ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे, आणि जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी लागत नाही. दोन वर्षांच्या आत जावं लागतं, एवढंच. बिलच नसेल तर मात्र तिथे काय दाखवशील?

बाबांना तूच सांग, मी मधे पडणार नाही. ते पहिल्यांदा चिडतील, मग ‘बिल कुठे आहे’ विचारतील, आणि बिल त्यांच्याच कपाटात सापडेल. दुकानं बंद व्हायच्या आत निघ. कपडे बदलत बसू नकोस, आणि जॉबशीटचा फोटो मला लगेच टाक.