विवाहाचे छायाचित्र : आठवण आणि पुरावा

स्टुडिओत बसवून घेतलेले छायाचित्र बिघडले तर गिऱ्हाइकाला पुन्हा बोलावता येते. विवाहात ती सोय नाही. मंगळसूत्र एकदाच बांधले जाते, अंतरपाट एकदाच दूर होतो, आणि सातवे पाऊलही एकदाच पडते. मुंज, बारसे, डोहाळजेवण, साठी-शांत या घरगुती प्रसंगांनाही हाच नियम लागू आहे. म्हणूनच या प्रसंगांचे चित्रण करणाऱ्याला प्रकाश, भिंग आणि अंतर यांच्या ज्ञानाइतकेच विधींच्या क्रमाचे ज्ञान असावे लागते. पहिल्या विषयावर पुस्तके पुष्कळ आहेत; दुसऱ्याकडे सहसा कोणी लक्ष देत नाही.

उदाहरणासाठी बंगळूर (२०१४ पासून अधिकृतपणे बेंगळुरू) येथील एखादा विवाह घेऊ. तेथे विवाह बहुधा कल्याणमंटपात, म्हणजे मंगल कार्यालयात होतात. पुष्कळ घरांत स्वागतसमारंभ, ज्याला कानडीत ‘आरतक्षते’ म्हणतात, विवाहाच्या आदल्या संध्याकाळीच उरकतात. पाहुणे रांगेने व्यासपीठावर येतात, वधूवरांशेजारी उभे राहतात, एक दिवा लखकन चमकतो आणि पुढचे पाहुणे येतात. हे काम कंटाळवाणे असले तरी कठीण नाही. खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी असते. वर छत्री व काठी घेऊन काशीला निघाल्याचा आव आणतो, त्याची पूजा होते, वधूवरांमध्ये अंतःपट धरला जातो. तो दूर होताच दोघे एकमेकांच्या मस्तकावर जिरे आणि गूळ टाकतात. पुढे हातांवर धार सोडून कन्यादान होते, त्याला ‘धारे’ म्हणतात. मग मांगल्यधारणा, लाजाहोम, सप्तपदी आणि अरुंधतीदर्शन. घराण्यागणिक या क्रमात थोडाफार फरक पडतो.

मांगल्यधारणेचा क्षण अनुभवी छायाचित्रकार डोळ्यांआधी कानांनी ओळखतो. पुरोहिताने खूण करताच नागस्वर आणि डोलू एकदम चढ्या स्वरात व जलद लयीत वाजू लागतात. याला ‘गट्टिमेळ’ म्हणतात. त्या गजरात अक्षतांचा वर्षाव होतो, पुढच्या रांगेतील माणसे उठून उभी राहतात, आणि नवरदेवाचे हात वधूच्या मानेमागे, म्हणजे समोरून न दिसणाऱ्या जागी गुंतलेले असतात. समोर उभा राहिलेला छायाचित्रकार अशा वेळी फक्त अक्षता आणि नातेवाइकांच्या पाठी टिपतो. जो जाणता आहे तो आधीच एका बाजूला, किंचित उंचावर जागा धरतो, आणि वधूच्या मागे गाठ मारायला मदत करणारी नणंद कोठे उभी राहील हेही विचारून ठेवतो.

मराठी विवाहात ही खूण निराळी असते. येथे मंगलाष्टके चालू असतात, आणि शेवटच्या ‘सावधान’नंतर अंतरपाट ओढला जाऊन माळा पडतात. छायाचित्रकाराला तयारीसाठी पुरेसा वेळ मिळतो. पण मंगलाष्टके म्हणणाऱ्या हौशी आत्या-मावश्यांची संख्या किती, हे ठाऊक नसले तर ऐन वेळी त्याचा हात खाली असतो. बंगळूरात हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. इ. स. १६३८ च्या सुमारास शहाजीराजांना बंगळूरची जहागीर मिळाली, आणि तेव्हापासून तेथे मराठी बोलणारी कुटुंबे नांदत आली आहेत. नोकरीनिमित्त गेलेल्यांची भर त्यानंतर सतत पडत राहिली. एका बाजूची माणसे मराठी व दुसऱ्या बाजूची कानडी असे विवाह तेथे नित्याचे आहेत. त्यांत अंतरपाटापाठोपाठ माळा पडतील की जिरे-गूळ, हे छायाचित्रकाराने आदल्या दिवशी दोन्ही पुरोहितांना विचारून घेणे, हाच त्यावरचा एकमेव उपाय.

मराठी विवाहातील आणखी एक सवय येथे सांगितली पाहिजे. अक्षता पडल्या की मंडळी जेवायला उठतात, आणि बहुतेक वेळा छायाचित्रकारही त्यांच्याबरोबर उठतो. पुढचा होम आणि सप्तपदी मोजक्या माणसांसमोर, धुरात, शांतपणे चालतात. चित्रसंग्रहात त्यांना एखादे पान मिळते किंवा तेही मिळत नाही. कायद्याच्या दृष्टीने मात्र महत्त्वाचा भाग हाच आहे. हिंदू विवाह अधिनियम, १९५५ याच्या सातव्या कलमानुसार विवाह दोहोंपैकी एका पक्षाच्या रूढ विधींनुसार झाला पाहिजे, आणि त्या विधींत सप्तपदीचा समावेश असेल तर सातवे पाऊल टाकल्यावर विवाह पूर्ण व बंधनकारक होतो. माळांचा किंवा स्वागतसमारंभाचा तेथे उल्लेख नाही.

हा केवळ शब्दांचा कीस नव्हे. भाऊराव शंकर लोखंडे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या १९६५ सालच्या निकालात सर्वोच्च न्यायालयापुढे द्विभार्याप्रतिबंधाचा प्रश्न होता. पहिली पत्नी हयात असताना पुरुषाने दुसरा विवाह केल्याचा आरोप होता. परंतु त्या दुसऱ्या विवाहात आवश्यक विधी झाल्याचे सिद्ध होऊ शकले नाही, आणि त्यामुळे शिक्षा रद्द झाली. समारंभ झाला, माणसे जमली, एवढ्याने कायद्याचे समाधान झाले नाही. २०२४ साली डॉली रानी प्रकरणात त्याच न्यायालयाने पुन्हा स्पष्ट केले, की आवश्यक विधी झालेच नसतील तर नुसत्या नोंदणीच्या दाखल्याने हिंदू विवाह सिद्ध होत नाही. कर्नाटकात विवाहनोंदणीचा कायदा १९७६ सालचा आहे, आणि नोंदणीच्या वेळी विवाहाचे छायाचित्र मागितले जाते, हे बहुतेक वाचकांना अनुभवाने माहीत असेल.

छायाचित्र एकटे काही सिद्ध करीत नाही. पुरोहिताची व उपस्थितांची साक्ष लागतेच. पण त्या साक्षीला ते बळ देते, आणि कोण कोण हजर होते हे वीस वर्षांनंतरही सांगते. तेव्हा सप्तपदीची निदान दोन-तीन चित्रे अशी असावीत, की त्यांत अग्नी, पुरोहित, वधूवर आणि तांदळाच्या राशी एकाच चौकटीत येतील. वधूच्या पैंजणाचे जवळून घेतलेले चित्र सुंदर दिसते, पण ते कोणत्या वधूचे, हे त्यावरून कळत नाही. आपल्या संसाराचे पुढे काय होणार हे त्या मांडवात कोणालाच ठाऊक नसते. पोटगीसाठी किंवा वारसाहक्कासाठी एखाद्या स्त्रीला कधी कागदपत्रे गोळा करावी लागली, तर त्या दोन-तीन चित्रांचे मोल इतर सर्व चित्रांहून अधिक ठरू शकते.

या व्यवसायाचा पूर्वेतिहास थोडक्यात पाहू. एकोणिसाव्या शतकात काच-पत्र्यांवरील चित्रांना इतका वेळ लागे, की चालू विधीचे चित्र घेणे जवळजवळ अशक्य होते. काचेचे छप्पर असलेल्या स्टुडिओत, उत्तरेकडून येणाऱ्या सौम्य उजेडात, नवदांपत्य विवाहानंतर सवडीने जाऊन बसे. बंगळूरात शिवनसमुद्रच्या धबधब्यावरची वीज १९०५ साली आली, आणि स्टुडिओंचे सूर्यावरचे अवलंबन हळूहळू कमी होऊ लागले. महात्मा गांधी मार्गावरील जी. के. वेल यांच्यासारख्या १९१० पासूनच्या संस्थेकडे शहरातील कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या जात राहिली.

चलच्चित्राच्या बाबतीत मान मराठी माणसाकडे जातो. मुंबईचे छायाचित्रकार हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, ऊर्फ सावेदादा, यांनी १८९९ मध्ये कुस्तीचा एक सामना चित्रित केला, आणि १९०१ च्या डिसेंबरात केंब्रिजहून परतलेल्या रँग्लर परांजपे यांच्या स्वागताचे चित्रण केले. परदेशाहून यशस्वी होऊन आलेल्या मुलाचे स्वागत हा मुळात घरगुती सोहळा. तो येथे सार्वजनिक झाला होता, इतकेच. खुद्द दादासाहेब फाळके यांनीही चित्रपटाकडे वळण्यापूर्वी गोध्रा येथे छायाचित्रकाराचा व्यवसाय केला होता.

पुढे रोल फिल्मचा काळ आला, आणि काटकसर हाच त्याचा मुख्य नियम ठरला. बडोद्यास तयार होणाऱ्या आग्फा क्लिक थ्री या साध्या कॅमेऱ्यात एका रोलवर बारा चित्रे निघत. उटकमंड येथील हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्यात १९६७ पासून उत्पादन सुरू झाले आणि त्याची ‘इंदू’ फिल्म देशभर पोहोचली, तरी प्रत्येक चित्र मोजूनच घेतले जाई. दोन रोल म्हणजे चोवीस चित्रे. त्यांत कोणाला घ्यायचे, हे यजमान ठरवी. बहुतेक जुन्या संग्रहांत विहीण, व्याही, मामा आणि वरिष्ठ अधिकारी सापडतात, पण पहाटे चारपासून स्वयंपाकघरात राबणारी आजी एकाच चित्रात, तेही समूहचित्राच्या टोकाला, अर्धी कापलेली असते. पुष्कळ घरांत तिची दुसरी प्रतिमाच नाही. कोणतेही जुने समूहचित्र कडा छाटून चौकटीत बसवण्यापूर्वी हे ध्यानात ठेवावे.

१९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या सुमारास देशात रंगीत दूरचित्रवाणी आली, आणि पाठोपाठ विवाहमंडपात व्हिडिओ कॅमेरा शिरला. त्याबरोबर प्रखर हॅलोजन दिवा, तो उंच धरून चालणारा मुलगा आणि सर्वांच्या पायांत येणारी वायर असा सगळा परिवार आला. त्या उष्णतेने वधूचा चेहरा घामाने निथळे, हा त्रास सर्वांच्या स्मरणात आहे. त्या काळाने दिलेली देणगी मात्र आपण ओळखली नाही. आता प्रथमच विवाहाचा आवाज साठवला जात होता: पुरोहिताने उच्चारलेली गोत्रे आणि तीन पिढ्यांची नावे, काकूने सूर चुकवत म्हटलेले मंगलाष्टक, उखाणे, आजोबांची हाक. दुर्दैवाने संकलन करणाऱ्यांनी तो आवाज गोंगाट मानून पुसून टाकला आणि त्या जागी चित्रपटगीते भरली. गीते आजही कोठेही ऐकता येतात. ती काकू मात्र कोठेच ऐकू येत नाही. माझ्या मते या व्यवसायाने केलेले हे सर्वांत मोठे नुकसान आहे. आजही चित्रणाचे काम देताना मूळ ध्वनीसह असंकलित प्रत मागून घ्यावी. त्याकरिता वेगळे पैसे पडले तरी हरकत नाही.

आता जतनाविषयी. नीट धुतलेले कृष्णधवल चित्र शंभर वर्षे सहज टिकते, कारण त्यातील प्रतिमा चांदीची असते. लग्नसराईत घाईने धुतलेल्या चित्रांत हायपोचा अंश राहतो आणि ती पिवळी-तपकिरी पडतात. रंगीत चित्रांची गोष्ट निराळी. त्यांतील सेंद्रिय रंग अंधारातही विरतात, आणि निळा-हिरवट थर आधी गेला की सारे चित्र तांबूस दिसू लागते. १९७० नंतरच्या कितीतरी संग्रहांची आज हीच अवस्था आहे. चिकट पानांवर पारदर्शक कागद चढवलेले संग्रह त्या काळी लोकप्रिय होते. त्यांतील डिंक चित्रांना अपाय करतो, म्हणून चित्रे सुटत असतील तोवर काढून घ्यावीत, आणि सुटत नसतील तर ओढू नयेत. पानासकटच त्यांची प्रत करून घ्यावी. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवरच्या बंगळूरचे हवामान या बाबतीत कोकणाहून सौम्य आहे. रत्नागिरीच्या पावसाळ्यात बुरशी एका ऋतूत काम करते.

व्हीएचएस फिती असलेल्यांनी विलंब करू नये. फितीवरील चुंबकीय कणांना धरून ठेवणारा लेप दमट हवेत बिघडतो, आणि ती वाचणारी यंत्रे तयार करणाऱ्या फुनाई या जपानी कंपनीनेही २०१६ साली उत्पादन थांबवले. अंकीय चित्रांना हा रोग नाही, पण त्यांची संख्या हाच एक रोग आहे. एका विवाहाची चार-पाच हजार चित्रे एका चकतीवर येतात, ती चकती कपाटात जाते, आणि एके दिवशी चालू होत नाही. शंभर चित्रे निवडून त्यांचे कागदी ठसे काढावेत, आणि मूळ संचाच्या निदान तीन प्रती, त्यांतली एक दुसऱ्या गावी, ठेवाव्यात.

चित्रे कोणाची, हा प्रश्नही वारंवार येतो. प्रताधिकार अधिनियम, १९५७ याच्या सतराव्या कलमाप्रमाणे, मोबदला देऊन कोणी छायाचित्र काढून घेतले, आणि उलट करार नसेल, तर प्रताधिकाराचा पहिला मालक काढून घेणारा असतो. निगेटिव्ह मात्र प्रथेने स्टुडिओत राहत, आणि स्टुडिओ बंद पडला की भंगारात जात. ज्यांचे जुने स्टुडिओ अजून चालू आहेत त्यांनी एकदा जाऊन चौकशी करावी. नवे काम देताना करारातील उलट अट आहे किंवा नाही, हे सही करण्यापूर्वी वाचावे.

राहिली नावे. जुन्या बाजारांत अनाम चित्रांचे ढीग पडलेले असतात. चेहरे स्वच्छ, पोशाख स्पष्ट, आणि माणसे कोण हे सांगणारे कोणी नाही. चित्राच्या पाठीवर कडेला, मऊ शिसपेन्सिलीने, हलक्या हाताने लिहावे. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूवर उमटतो. तारीख, गाव, कार्यालयाचे नाव, मग डावीकडून उजवीकडे रांगेने नावे. आपल्याकडे पुष्कळ स्त्रियांचे नाव विवाहात बदलत असे, म्हणून त्यांची माहेरची व सासरची अशी दोन्ही नावे लिहावीत. हे काम घरातील सर्वांत वयस्कर व्यक्तीजवळ बसून, एका बैठकीत दहा-पंधरा चित्रांहून अधिक न घेता करावे, आणि ती बोलत असताना शेजारी ध्वनिमुद्रण चालू ठेवावे.