गळ्यातील ग्रंथी आणि ताटातील मीठ

माजी विद्यार्थिनींच्या मेळाव्यात अलीकडे थायरॉईडचा विषय हमखास निघतो. दाह कमी करणारा आहार घेतला की गोळी सुटते, असे कोणीतरी सांगते आणि ते ऐकून काहीजणी औषध थांबवतात. इतिहासाचे अध्यापक या नात्याने आम्ही हा प्रश्न थोडे मागे जाऊन पाहू इच्छितो.

हिमालयाच्या पायथ्याशी गलगंड हा सर्रास आढळणारा विकार होता. १९५६ पासून डॉ. व्ही. रामलिंगस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी कांगडा खोऱ्याचे तीन विभाग करून दोहोंत आयोडीनयुक्त मीठ पुरविले, तिसऱ्यात साधे. काही वर्षांतच पहिल्या दोन विभागांत गलगंड लक्षणीय घटला. १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. गरिबाच्या ताटात दुसरे काही नसले तरी मीठ असतेच. या योजनेचे सारे बळ त्यात आहे. म्हणूनच ‘नैसर्गिक’ म्हणून साध्या सैंधवाकडे वळणारी घरे पाहून आम्हांस चिंता वाटते. त्यात गरजेपुरते आयोडीन नसते. प्रौढास रोज सुमारे १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागते. गरोदर स्त्रीस त्याहून अधिक, कारण गर्भाच्या मेंदूची वाढ त्यावर अवलंबून असते.

जपानी वैद्य हाकारू हाशिमोटो यांनी १९१२ मध्ये वर्णिलेला विकार मात्र निराळा. त्यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच ग्रंथीवर उलटते. तेथे आयोडीनचा अतिरेक अपायकारक ठरू शकतो. डाळी, पालेभाज्या, जवसाची चटणी, मासळी, फळे, आणि तळलेले व गोड बेताचे, हा आहार हृदयास व वजनास हितकर आहे, तो अवश्य घ्यावा. परंतु ग्रंथी मंदावली असता तो थायरॉक्सिनची जागा घेत नाही. कोबी-फ्लॉवर शिजवून बेताने खाण्यास हरकत नसते. बाजरीविषयीही असाच धसका आहे. जेथे आयोडीन तुटपुंजे आणि बाजरी हेच मुख्य अन्न, तेथे तिचा गलगंडाशी संबंध आढळला. आयोडीनयुक्त मीठ वापरणाऱ्या घराने आपली भाकरी का सोडावी?

गोळी सकाळी उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्यावी, चहा अर्ध्या-एक तासाने. लोह वा कॅल्शियमच्या गोळ्या चार तासांच्या अंतराने. मात्रा कमी-अधिक करणे टीएसएच तपासणी पाहून डॉक्टरांनीच ठरवावे. आणि मिठाचा डबा चुलीजवळ उघडा ठेवू नये. ओल व उष्णता लागली की आयोडीन उडून जाते.