आपल्या डब्यात काय आहे?



३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे आमच्या सास्तूरची दगडमातीची घरे कोसळली. भागात हजारो माणसे दगावली. पुढे ट्रक भरून धान्य, भाकरी आल्या. ताट घेऊन मीही रांगेत होतो. कोणी माझी जात विचारली नाही.

मेळघाटातल्या, नंदुरबारच्या आदिवासी बालकांची भूक जमीन हादरवत नाही, म्हणून आपण जागे होत नाही.

मार्क ६ मध्ये शिष्य लोकांना परत पाठवू पाहतात. प्रभू त्यांनाच जेवू घालायला सांगतो आणि आधी जवळच्या भाकरी मोजायला लावतो. कळवळा आपल्याच डब्यापासून सुरू होतो.

रोज स्वयंपाकाआधी मूठभर ज्वारी बाजूला काढा, महिनाअखेर मंडळीत आणा. माझ्या घरी डबा ठेवला आहे. तुमच्या?