कासव उचलण्याआधी

बाबू, तू सर्पमित्र झालास, बरं झालं. आता साप निघाला की लोक तुला बोलावतील, आणि पावसाळा लागला की कासवासाठीही बोलावतील. सापाचं तुला कुणीतरी शिकवलं असेल. कासवाचं सहसा कुणी शिकवत नाही, कारण त्याची कुणाला भीती नसते. म्हणून वनखात्यात हयात घालवलेल्या माणसाच्या चार गोष्टी ऐकून ठेव. सगळ्यांचं सार आधीच सांगतो. कासव वाचवायचं म्हणजे ते घेऊन जायचं नसतं. त्याला त्याच्या जागेवरून जितकं कमी हलवशील, तितकी त्याची जगण्याची आशा जास्त.

पहिल्यांदा पाय बघ. बोटांमध्ये पडदा असेल तर ते पाण्यातलं. पाय खांबासारखे गोल आणि पाठीवर पिवळ्या रेघांच्या चांदण्या असतील तर ते तारा कासव. ते कोरड्या माळरानावरचं, त्याला पोहता येत नाही. लोक पुण्य समजून त्याला देवळाच्या तळ्यात सोडतात आणि ते बिचारं बुडून मरतं. आपल्या भंडारा-गोंदियाकडच्या तलावांत आणि बोड्यांत, म्हणजे लहान तळ्यांत, दोन जाती ओळखून ठेव. एक मऊ, चामडी पाठीचं, पोटाखालच्या झडपांनी मागचे पाय झाकून घेणारं. दुसरं काळं, टणक पाठीचं, पाठीवर लांबीने तीन कंगोरे असलेलं. डोळ्यामागे लाल पट्टा दिसला तर ते मूळचं अमेरिकेतलं, मत्स्यालयाच्या दुकानातून आलेलं. रुपयाएवढं असताना हौसेने घेतात, ताटाएवढं झालं की तलावात सोडून मोकळे होतात. मग ते आपल्या कासवांचं अन्न आणि ऊन खायच्या जागा बळकावतं. त्याला कुठल्याच पाण्यात सोडू नको.

दुसरं, नखांचं. मऊ पाठीच्या कासवाला दर पायाला तीन, म्हणजे बारा नखं. काळ्याला पुढे पाच-पाच, मागे चार-चार, म्हणजे अठरा. वीस नखांचं कासव घरात ठेवलं की पैशांचा पाऊस पडतो, अशी थाप मारून मांडुळासारखाच कासवाचाही बाजार चालतो. तेव्हा कुणी फोनवर कासवाच्या जखमेची चौकशी न करता आधी नखं आणि वजन विचारलं, तर त्याला ठिकाण सांगू नको, वनखात्याला कळव. आणि सुटका केलेल्या कासवाचा फोटो जागेच्या नावासकट कुठेही टाकायचा नाही. ज्याला जाऊन पकडायचं असतं, तोही ते वाचत असतो.

तिसरं, रस्त्याचं. पहिल्या पावसात कासवं पाणी सोडून रस्त्यावर येतात. कुणी नवं पाणी शोधत असतं, तर एखादी मादी अंडी घालायला जागा बघत असते. तोंड ज्या बाजूला असेल, त्याच बाजूला नेऊन ठेव. परत तलावात टाकलंस तर ते पुन्हा त्याच रस्त्यावर येणार. उचलताना शेपूट धरू नको. दोन्ही हातांनी मागच्या पायांजवळ कवचाच्या कडा धर. मऊ पाठीच्या कासवाची मान वाटते त्यापेक्षा पुष्कळ लांब असते, बाजूला वळून ते कडकडून चावतं. नंतर साबणाने हात धू. कासवाच्या अंगावर साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात, त्यांनी पोट बिघडतं.

चौथं, जखमेचं. कवच म्हणजे वरून घातलेलं झाकण नव्हे. त्यात बरगड्या आणि पाठीचा कणा जोडलेला असतो, त्याला वेदना होतात. गाडीखाली कवच फुटलं तर हळद-तेल लावू नको, फेविक्विक तर मुळीच नको, आत जंतू कोंडले जातात. स्वच्छ कापड सैल गुंडाळ म्हणजे माश्या बसणार नाहीत. मऊ पाठीच्या कासवाला जखम सोडून बाकी अंगाला ओलसर फडकं हवं, नाहीतर कातडी सुकते. भोकं पाडलेल्या खोक्यात, सावलीत ठेव आणि जनावरांच्या डॉक्टरकडे ने. पाण्याच्या टबात ठेवू नको, अशक्त कासव बुडतं. पोळी-भात घालू नको. गळ अडकला असेल तर ओढू नको, बाहेर वीतभर दोरा ठेवून काप. हालचाल नाही म्हणून मेलं असं समजू नको, ते डॉक्टरला ठरवू दे.

पाचवं, जाळ्याचं. कासव हवेत श्वास घेतं, म्हणून रात्रभर बुडालेल्या जाळ्यात ते गुदमरतं. मासे धरणाऱ्या ढीवरांशी भांडू नको. तलाव त्यांच्या पोटाचा आहे आणि कासव कुठे असतं ते तुझ्यापेक्षा त्यांना जास्त ठाऊक. जाळं लवकर तपासा आणि अडकलेलं कासव तिथेच सोडा, एवढंच मागणं ठेव. बुडून निपचित पडलेलं सापडलं तर डोकं खाली करून तिरपं धर, पाणी निथळू दे. उताणं ठेवू नको.

सहावं, अंड्यांचं. धानाच्या बांधीच्या धुऱ्यावर खणताना अंडी निघाली तर उलटीपालटी करू नको. आतला जीव वरच्या बाजूला चिकटलेला असतो, अंडं फिरलं की तो मरतो. माती तशीच परत लोट आणि खुणेला काठी रोव. हलवण्याशिवाय इलाजच नसेल तर वरच्या बाजूला पेन्सिलीने खूण कर आणि ती खूण वरच राहील असं ने.

सातवं, कायद्याचं. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात मऊ पाठीचं कासव पहिल्या अनुसूचीत आहे. गुन्हा सिद्ध झाला तर 3 ते 7 वर्षं कैद. चांगल्या हेतूने घरी ठेवलंस तरी तू अडचणीत येशील. म्हणून हात लावण्याआधी वनखात्याच्या 1926 या नंबरवर फोन कर, पंचनामा होऊ दे. आणि सोडायचं ते जिथे सापडलं त्याच पाण्यात. दुसऱ्या तलावात सोडलं तर रोगही सोबत जातो.

आता सगळ्यात मोठं. रस्त्यावर तू एकेक कासव वाचवशील, पण ती घाऊक मरतात ती गाळात. उन्हाळ्यात तलाव आटला की मऊ पाठीचं कासव चिखलात शिरून पडून राहतं. कोहळी समाजाने बांधलेल्या मामा (माजी मालगुजारी) तलावांचा गाळ आपण नेमका एप्रिल-मेमध्येच काढतो. पूर्वी तो फावड्याने निघायचा, कासव दिसायचं. जेसीबीच्या बकेटीत ते दिसत नाही, गाळाबरोबर थेट शेतात जाऊन पडतं. गाळ काढणं चांगलंच आहे, अडवू नको. फक्त तलावाचा एक कोपरा न खोदता ठेवायला सांग, वरचा थर सावकाश काढायला सांग, आणि ढीवरांच्या दोन पोरांना सोबत उभं कर. निघालेलं कासव त्याच तलावाच्या राखलेल्या कोपऱ्यात ठेव.

विहिरी आणि प्लास्टिकच्या शेततळ्यांचंही तसंच. पाणी स्वच्छ राहील म्हणून लोक विहिरीत कासव सोडतात, पण सिमेंटच्या कड्यांवरून मादीला अंडी घालायला वर येता येत नाही. त्या कासवाचा वंश तिथेच संपतो. प्लास्टिकवरून वर चढता येत नाही, म्हणून शेततळ्याच्या एका बाजूला जाड दोरखंडाची जाळी पाण्यात सोडून ठेवायला सांग. कासवच नाही, साप, मुंगूस, कोल्ह्याचं पिल्लूही तिच्यावरून बाहेर येतं.

पिशवीत दोन सुती फडकी, भोकं पाडलेलं खोकं, कात्री, पेन्सिल आणि साबण ठेव. आणि यंदा आपल्या गावच्या तलावावर जेसीबी कधी येणार, ते ग्रामपंचायतीत मार्चमध्येच विचारून ये.